सगळीकडे तेच आहे!

‘सर, पण सगळीकडे तेच आहे!’

प्रकल्प तपासायला बसलं की हे वाक्य कानावर येतंच आणि दर वेळी माझं डोकं तेवढंच तापतं. समोर एक हुशार मुलगी बसलेली असते. तिने ठाण्याच्या रेल्वेवर प्रकल्प केलाय. स्पायरल बाइंडिंग, रंगीत मुखपृष्ठ, शेवटी संदर्भांची भलीमोठी यादी. मी विचारतो, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला किती वेळात पोचली? ती म्हणते, ५७ मिनिटांत. तिच्या शेजारच्या मुलाच्या प्रकल्पात तीच गाडी सव्वा तासाने पोचलेली. गाडी एक, रूळ एक, दुपार एक. हे कुठून आणलं असं विचारलं तर दोघांचं उत्तरही एकच: सगळीकडे तेच आहे.

तोफांची २१ वेळा झालेली सलामी, १४ डबे, ४०० पाहुणे, तीन इंजिनं आणि त्या इंजिनांची नावं हे सगळं मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. ही नावं पहिल्यांदा कुणी लिहून ठेवली, त्या दिवशी की पन्नास वर्षांनी, असं विचारलं की वर्गात सामसूम. वर ‘भारतातली पहिली रेल्वे’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतंच. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्ये दगड वाहण्यासाठी लोहमार्ग होता, रुरकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या पुलाच्या बांधकामावर १८५१ मध्ये वाफेचं इंजिन माती ओढत होतं. बोरीबंदर-ठाणे ही पहिली प्रवासी गाडी. हा एक शब्द गाळला की वाक्य खोटं होतं. पण तो गाळलेला असतो, कारण ज्याची नक्कल केली त्यानेही गाळलेला असतो.

मी तिची यादी घेऊन बसलो. बारा-पंधरा दुवे. पहिल्या तिघांत तोच परिच्छेद, तीच वाक्यं, त्याच क्रमाने. चौथ्यात वाक्यं फिरवलेली, पण एका स्टेशनच्या नावातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक जशीच्या तशी. पुढच्या सगळ्यांत तीच चूक. म्हणजे यादीत नावं बारा-पंधरा, बोलणारा माणूस एक. बाकीचे सगळे री ओढणारे.

नकला वेगळ्या साक्षी म्हणून मोजायच्या नसतात, ही शहाणपणाची गोष्ट मी शोधून काढलेली नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत वि. स. सुखटणकरांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा त्यांच्यापुढे देशभरातल्या पोथ्या होत्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या. त्यांनी पोथ्यांची डोकी मोजून बहुमत घेतलं नाही. कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली, हे आधी पाहिलं. ज्या पोथ्यांत भर सारखी, गळती सारखी, चुका सारख्या, त्या एका घराण्याच्या. एका घराण्यातल्या पन्नास पोथ्या एकच पाठ सांगत असतील तरी त्यांचं वजन पन्नास होत नाही. हे काम १९६६ मध्ये पुरं झालं. त्यालाही आता साठ वर्षं होत आली, आणि त्याच महाराष्ट्रातल्या पदवीधराला अजून वाटतं की गुगलच्या पहिल्या पानावर दहा निकाल आले म्हणजे दहा साक्षीदार उभे राहिले.

मग दुसरी जात भेटते. ही जरा शिकलेली. ‘नुसतं इंटरनेट नाही हो, मोठ्या माणसाने लिहिलंय!’ या मंडळींना मी अंबरनाथला घेऊन जातो.

अंबरनाथचं शिवमंदिर कल्याणहून तीन स्टेशनं पुढे. पांडवांनी ते एका रात्रीत बांधलं, ही कथा तुम्हाला रिक्षावालाही सांगेल. तिला मी हसत नाही. कथा म्हणून ती झकास आहे, आणि ती कुणी पुरावा म्हणून पुढे करत नाही. मला बोलायचंय ते मंदिरातल्या कोरीव लेखाविषयी. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी वाचला. भाऊ दाजी म्हणजे ऐरागैरा नव्हे. नावाजलेले डॉक्टर, मुंबईचे शेरीफ, प्राच्यविद्येतलं मोठं नाव. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचंच नाव आहे. त्यांनी लेखातलं वर्ष वाचलं शके ७८२, म्हणजे इ. स. ८६०. मोठ्या माणसाने वाचलं, छापलं गेलं, झालं.

पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख वाचला. हे जुनागडचे, आणि वर्षानुवर्षं भाऊ दाजींच्याच हाताखाली काम केलेले. म्हणजे अन्नदात्याने, गुरूने केलेलं वाचन समोर होतं. मान डोलवून मोकळं व्हायला कुणाची हरकत नव्हती. त्यांनी वाचलं शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. पहिला आकडा सात नाही, नऊ आहे. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षं अलीकडे आलं.

आता कुणी म्हणेल, एक पंडित सात म्हणतो, एक नऊ म्हणतो, आपण सामान्य माणसांनी कुणाचं ऐकायचं? कुणाचंच नाही. पडताळा घ्यायचा. अंबरनाथच्या लेखात शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे. मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज. या छित्तराजाचा ताम्रपट सापडला भांडुपला आणि त्यावर शक आहे ९४८. थोरला भाऊ शके ९४८ मध्ये दानपत्र करून देतोय आणि धाकटा शके ७८२ मध्ये देऊळ बांधतोय, असं मुंबई-ठाण्यातच काय, तिन्ही लोकांत कुठे होत नाही. भांडुपचं तांबं आणि अंबरनाथचा दगड यांनी एकमेकांची नक्कल केलेली नाही. दोन्ही वेगळ्या हातांनी, वेगळ्या कारणासाठी कोरलेले. अशा दोन साक्षी जुळल्या की त्यांचं मोल संकेतस्थळांच्या शंभर पानांहून जास्त. वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र करून छापले आहेत, तेव्हा हे ताडून बघायला आज ना ताम्रपट हातात धरावा लागतो ना दगडावर चढावं लागतं. वाचनालयात जावं लागतं, एवढीच काय ती अडचण. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, वि. ल. भाव्यांसारख्या जुन्या पोथ्या धुंडाळणाऱ्या माणसाने उभं केलेलं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चं. आमची मुलं तिथे जातात हो, नाही असं नाही. अभ्यासिकेत बसायला जातात, घरी जागा नसते म्हणून.

‘सर, मंदिर आठशे साठचं की एक हजार साठचं, कुणाचं काय अडतंय?’

अडत नाही ना? बरं. मग डोंबिवलीतल्या ६५ इमारतींबद्दल बोलू.

कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला ‘६५ इमारती’ एवढं म्हटलं तरी पुरतं. घर घेणाऱ्याला सरकार काय सांगतं? नोंदणी क्रमांक नसलेलं घर घेऊ नका, महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प तपासा. जाहिराती तेच सांगतात, वर्तमानपत्रांतले सल्लागारही तेच सांगतात. या इमारतींत घर घेणाऱ्यांनी ते केलं. प्रकल्प संकेतस्थळावर होता. क्रमांक होता. बांधकामाची परवानगी, आपण ज्याला सीसी म्हणतो ती, अपलोड केलेली होती. बँकांनी कर्जं दिली. मुद्रांक शुल्क भरलं गेलं, दस्त नोंदले गेले. याहून जास्त ‘संशोधन’ टिटवाळा-सीएसएमटी गाडीत लोंबकळणाऱ्या माणसाने काय करायचं?

आणि ती सीसीच खोटी होती. महापालिकेच्या नावाने बनावट कागद, बनावट शिक्के, बनावट सह्या. महारेराने कागद पाहिला, कागद देणाऱ्याला म्हणजे महापालिकेला विचारलं नाही. बँकेने महारेराचा क्रमांक पाहिला. घरवाल्याने बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, बँक काय वेडी आहे? प्रत्येक दारावरच्या माणसाने आधीच्या दाराचा शिक्का बघून आत सोडलं. पहिल्या दारावर कुणी उभाच नव्हता. महारेराच्या वांद्र्याच्या कार्यालयातून कल्याणच्या नगररचना विभागाला एक पत्र गेलं असतं, ‘ही परवानगी तुमचीच का?’ एवढंच विचारणारं, तर हजारो कुटुंबं आज झोपेत दचकली नसती.

हे बाहेर कसं आलं? एका वास्तुविशारदाने माहिती अधिकारात महापालिकेलाच विचारलं. म्हणजे जिथून कागद निघाला असं सांगितलं जात होतं, तिथेच जाऊन. मग जनहित याचिका, मग पोलिसांचं विशेष तपास पथक. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडायचा आदेश दिला. स्थानिक संस्थेने परवानगी खरंच दिली आहे का, याची थेट तिच्याकडूनच खातरजमा करायची पद्धत महारेराने सुरू केली ती हे प्रकरण उघडकीला आल्यानंतर.

माझा राग घर घेणाऱ्यांवर नाही. ज्यांचं कामच तपासायचं, त्यांच्यावर आहे. बिल्डरने आपल्या हाताने चढवलेला कागद सरकारी पानावर दिसला म्हणून तो सरकारी होत नाही. पानावरचं बोधचिन्ह सरकारचं, मजकूर बिल्डरचा. हा फरक घर घेणाऱ्याला कुणी सांगितला? त्यापेक्षा आपला ऑनलाइन सातबारा प्रामाणिक. डिजिटल सही नसलेला उतारा नुसता बघायला उघडलात तर तो स्वतःच सांगतो की मी फक्त माहितीसाठी, कायदेशीर कामाला मला वापरू नका. ते वाक्य बारीक अक्षरांत असतं आणि कुणी वाचत नाही, तो भाग वेगळा.

खोट्याचं हे असं. पण खऱ्यानेही माणूस कसा फसतो ते बघा. ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा, हे वाक्य अजून भाषणांत, प्रकल्पांत, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत ऐटीत बसलेलं आहे. आधार काय तर २०११ ची जनगणना. आकडा १,१०,६०,१४८. आकडा अस्सल, मूळ अस्सल, मोजणारे सरकारी. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि त्यातले सुमारे तीस लाख लोक तिकडे गेले. ज्या जिल्ह्याचा हा आकडा आहे तो जिल्हाच आता अस्तित्वात नाही. नाव तेवढं राहिलंय.

कल्याण-डोंबिवलीचं त्याहून मजेशीर. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. तेव्हा २७ गावं महापालिकेत नव्हती. ती २००२ मध्ये बाहेर काढलेली, २०१५ मध्ये परत आत घेतलेली. २०२० मध्ये त्यातली १८ पुन्हा बाहेर काढायचा घाट घातला गेला आणि तो उच्च न्यायालयात टिकला नाही. मग कुणीतरी विद्वान उठतो, आजचा पाणीपुरवठा घेतो, त्याला २०११ च्या लोकसंख्येने भागतो आणि ‘दरडोई इतकं पाणी मिळतं’ असं जाहीर करतो. वरचा आकडा गावांसकट, खालचा गावांवाचून, आणि मधे दशकाहून जास्त काळ लोटलेला. दोन्ही आकड्यांखाली संदर्भ मात्र चोख दिलेले! संदर्भ खरा असणं वेगळं आणि तो आपल्या प्रश्नाला लागू असणं वेगळं. हे पाचवीतल्या पोराला कळतं. दोन रुपये आणि तीन किलो यांची बेरीज करायला सांगितली तर तो आपल्याकडे संशयाने बघतो.

आता एक दुखरी जागा. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट. कल्याणात राहून ती न ऐकलेला माणूस मिळणं अशक्य. शिवाजी महाराजांनी १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली, हे इतिहासात पक्कं आहे. सुनेला दरबारात आणलं, महाराजांनी तिला सन्मानाने परत धाडलं, ही हकिगत मात्र समकालीन कागदांत सापडत नाही, असं अभ्यासकांनी वारंवार सांगितलं आहे. ती नंतरची. गंमत अशी की या गोष्टीवरून महाराजांची थोरवी गाणारे तर ती खरी धरतातच, पण ‘सहा सोनेरी पाने’ लिहिताना सावरकरांनी याच वागण्याला नावं ठेवली तीही गोष्ट खरी धरूनच. आरती करणारा आणि दोष देणारा, दोघंही एकाच ऐकीव गोष्टीवर उभे.

हे बोललं की सभागृहात खुर्च्या सरकतात. ‘म्हणजे महाराजांनी स्त्रियांचा मान राखला नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?’ अहो, उलट! त्याचा भक्कम पुरावा आहे, तो सोडून तुम्ही कच्चा का कवटाळता? मोगलांचा इतिहासकार खाफीखान. महाराजांना तो शिव्या घालतो, त्यांच्या मृत्यूची नोंद करताना ‘काफिर नरकात गेला’ असा कालश्लेष साधतो. हाच माणूस लिहून ठेवतो की मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावायचा नाही असा शिवाजीचा नियम होता. तो महाराजांच्या हयातीनंतर बराच उशिरा लिहीत होता, तेव्हा त्याचाही शब्द न् शब्द डोळे मिटून घेता येत नाही. पण ज्याला स्तुती करण्यात काडीचा फायदा नाही, उलट जिभेला चटके बसत असणार, त्याने दिलेली कबुली ही भक्ताने सांगितलेल्या देखण्या गोष्टीपेक्षा शतपट जड. कोण बोलतोय एवढंच बघून भागत नाही. खोटं बोलण्यात त्याचा फायदा होता का, आणि त्याला हे कळायची सोय होती का, हे बघावं लागतं. कोर्टातला कारकूनही हे जाणतो. इतिहासाचे प्राध्यापक विसरतात.

प्राध्यापकांवर आलोच आहे तर आमच्या आळीतलं धुणं आमच्याच दारात धुऊ.

मुलं नक्कल करतात म्हणून गळा काढणाऱ्या आमच्या जमातीने काय केलं? बढतीसाठी गुण हवेत, गुणांसाठी शोधनिबंध हवेत, निबंधांसाठी नियतकालिकं हवीत. मग नियतकालिकं निघाली. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, त्यात विद्यापीठांनी आपापल्या शिफारशी घुसवल्या. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिफारशींतली नियतकालिकं तपासून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले. तपासलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के निकृष्ट निघाली. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचा नोंदणी क्रमांक खोटा. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. त्यांत छापलेल्या निबंधांवर मिळालेल्या बढत्या कुणी काढल्या? एकही काढल्याचं माझ्या कानावर नाही. ६५ इमारतींना निदान पाडायचा आदेश तरी मिळाला.

त्याच २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आले. सॉफ्टवेअरमधून प्रबंध घालायचा, साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. झालं, तेवढीच परीक्षा उरली. मार्गदर्शक विद्यार्थ्याला विचारतो, ‘किती टक्के आलं?’ चार आलं की पेढे. पण हे यंत्र शब्द जुळतात का तेवढंच बघतं, मजकूर खरा आहे का ते नाही. शके ७८२ हे आपल्या शब्दांत लिहिलंत तर साम्य शून्य, तुम्ही पास. मिराशींचं वाचन नीट उतरवून घेतलंत तर लाल रंग चढलाच म्हणून समजा. आता तर वाक्यं फिरवून द्यायला चॅटबॉट आहे. तो संदर्भही देतो, लेखक, वर्ष, पान क्रमांकासकट, आणि त्यातले काही या भूतलावर कधी छापलेलेच नसतात. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी असेच अस्तित्वात नसलेले खटले न्यायालयापुढे ठेवले, त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. आमच्याकडे अशी यादी लावलेला प्रबंध पदवी घेऊन जातो, कारण मार्गदर्शकाने यादीतलं एकही पुस्तक उघडून पाहिलेलं नसतं. बहिःस्थ परीक्षक सकाळच्या गाडीने येतो, दुपारी जेवतो आणि तोंडी परीक्षेत विचारतो, ‘या विषयाची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?’

त्या रेल्वेवाल्या दोघांना मी सांगितलं की ५७ मिनिटं की सव्वा तास याचा निकाल आणखी दहा पानं उघडून लागणार नाही. १८५३ च्या त्या आठवड्याची मुंबईची इंग्रजी-मराठी वर्तमानपत्रं बघा. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ बघा, १८६३ चं आहे, ती गाडी डोळ्यांनी पाहिलेली माणसं हयात असताना छापलेलं. तरीही आकडे जुळले नाहीत तर दोन्ही द्या आणि कुठला कुणाचा ते लिहा. मुलगी वहीत टिपून घेत होती. मुलाने विचारलं, ‘याचे मार्क वाढतात का?’ त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याने व्यवस्था बरोबर ओळखली होती. आमच्या गुणपत्रिकेत मांडणीला गुण आहेत, सादरीकरणाला आहेत, बाइंडिंगला नाहीत म्हणतात पण आहेत. ‘हे तुला कसं कळलं?’ या प्रश्नाला रकाना नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत अनुदान आयोगाने आपली नियतकालिकांची यादीच बंद केली. कुठलं चांगलं, कुठलं वाईट हे यापुढे संस्थांनी आपलं आपण ठरवायचं. निर्णय कागदावर वाईट नाही. ठरवायला प्रत्येक ठिकाणी समित्या बसतील. तुमच्या महाविद्यालयातली समिती बसेल तेव्हा एक करा. सदस्यांचे बायोडेटा मागवा आणि २०१८ च्या त्या ४,३०५ मधली किती नावं त्यात आहेत, ते मोजा.